कानाचा तुकडा

त्या वर्षी पंगुनी महिन्यात, म्हणजे आपला फाल्गुन संपत आला असताना, दवाखान्यात पहिली शेळी पोत्यातून आली. मी तेव्हा पापनाशमजवळच्या सरकारी पशुदवाखान्यात डॉक्टर होते. राहायला तंजावुरातच, राजवाड्यामागच्या गल्लीत. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी परतायचं. कावेरीचं पाणी बंद झालेलं, कालवे कोरडे, भात कापून शेतं उघडी पडलेली. या दिवसांत शेळ्या धसकटांत मोकळ्या चरतात आणि माझ्याकडे येतात त्या पोटफुगीच्या, नाहीतर कुणीतरी काठी फेकून पाय मोडलेल्या. पोत्यातल्या शेळीचा गळा फाटला होता, मागची मांडी ओढून काढलेली होती, आणि खाल्लेलं मात्र जवळजवळ काहीच नव्हतं.

माणसं म्हणाली, बिबट्या आहे. शेजारच्या जिल्ह्यात कुणाला तरी दिसला होता म्हणे, आणि त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. वनखात्याची माणसं येऊन आंब्याच्या झाडांना कॅमेरे बांधून गेली. संध्याकाळी सहानंतर बायका विहिरीवर जाईनात. पण बिबट्या एक जनावर धरतो, एकाच जागी गळा दाबतो आणि खायला ओढून नेतो. इथं चावे सगळ्या अंगावर होते, निरनिराळ्या मापांच्या दातांचे. मी अहवालात कुत्री असं लिहिलं. ते कुणालाच आवडलं नाही. पंचायतीच्या अध्यक्षांनी मला समजावून सांगितलं की आमची कुत्री भात खाणारी आहेत, डॉक्टरम्मा, ती असं करायची नाहीत.

नदीच्या पुलाखाली कोंबडीच्या दुकानांतला कचरा टाकायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. तिथं सकाळी कोण जमतं ते बसच्या खिडकीतून मला रोज दिसायचं. तीच कुत्री दुपारी चहाच्या टपरीपुढे सावलीला पडलेली असत. त्यांच्या अंगावरून पाय टाकून माणसं आत जात. बिबट्याची भीती घालणाऱ्या माणसांच्या पायांशीच ती झोपलेली मी पाहिली आहेत.

आमच्या घरासमोर एक निवृत्त ख्रिस्ती पाळक राहत. त्यांना सगळे अय्या म्हणत, मीही अय्याच म्हणे. आयुष्यभर त्यांनी पाळक घडवणाऱ्या एका शाळेत हिब्रू शिकवलं होतं. निवृत्तीनंतर बायकोबरोबर आमच्या गल्लीत राहायला आले. बायको गेली आणि पाठोपाठ काचबिंदूनं त्यांची नजर गेली. कडेकडेनं काहीतरी हलताना दिसे, अक्षर मात्र दिसत नसे. तेव्हापासून बस उतरून घरी येऊन कॉफी झाली की मी त्यांच्याकडे जाऊन अर्धा तास वाचून दाखवी. आधी वर्तमानपत्र, मग त्यांचं वेदपुस्तक. तमिळ ख्रिस्ती माणसं आपल्या धर्मग्रंथाला वेदपुस्तक म्हणतात. आम्ही तंजावुरात पिढ्यानपिढ्या राहिलेले मराठी; आमच्या घरात रामनवमीचं पानक आणि नैवेद्य, घरातलं बोलणं तमिळ मिसळलेलं जुनं मराठी. मी वाचते तो वेद कुठला यावरून माझे यजमान थट्टा करत. पण मला त्या ग्रंथातले संदेष्टे, देवाचा निरोप सांगणारे, आवडायला लागले होते. फार रागीट माणसं. कुणाला बरं वाटावं म्हणून ती बोलत नसत.

अय्यांची धाकटी बहीण माझ्या दवाखान्यापासून जवळच्या गावात राहायची. तिची ओळख मला अय्यांच्या आधीची. नवरा गेल्यावर तिनं शेळ्या पाळल्या आणि त्यांच्यावरच मुलीचं शिक्षण केलं. मुलगी आता कोइमत्तूरला नोकरीला होती. सगळे तिला अक्का म्हणत. उंच, काटक, बोलायला तोडून. अर्ध्या गावाशी तिचं भांडण होतं आणि अर्धं गाव अडलं की तिच्याकडेच जाई. शेळ्यांना लस टोचायला आली की भावासाठी शेवग्याच्या शेंगांची जुडी माझ्या हातात देई आणि म्हणे, आंधळ्याला सांगा, मीठ कमी घाल.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या एका रविवारी तिच्या गावच्या छोट्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, अय्यांनी प्रवचन करावं असं गावकऱ्यांनी बोलावणं पाठवलं. गावात भीती आहे, धीराचे चार शब्द सांगा, असा निरोप होता. अय्यांनी त्यासाठी एक वचन निवडलं. एका मेंढपाळ संदेष्ट्याचं. मी ते तमिळमधून वाचलं. त्याचा अर्थ असा, की सिंहाच्या तोंडातून मेंढपाळ जसे दोन पाय किंवा कानाचा तुकडा सोडवून आणतो, तसेच राजधानीत मऊ पलंगांवर बसलेले लोक सोडवले जातील.

अय्या म्हणाले की हे वचन त्यांनी कितीतरी वेळा सांगितलं आहे. न्यायाचा दिवस येईल, सिंह येईल, पण देव सगळं जाऊ देत नाही, थोडं तरी राखतो. उरलेल्यांचं वचन म्हणून त्यांच्या लोकांत ते प्रसिद्ध आहे. मग त्यांनी हिब्रू ओळ पाठ म्हटली. कानाचा तुकडा म्हणजे ‘बदल-ओझेन’. माझ्या मराठी कानाला त्यात बदल आणि ओझं हेच ऐकू आलं, आणि ते मी त्यांना सांगितल्यावर ते बराच वेळ हसले.

“तुमच्या भाषेत कसं सांगाल हे?” त्यांनी विचारलं.

मी अडखळले. सोडवून आणणं सोपं होतं. पण पुढे काय म्हणायचं? मी त्यांना सांगितलं की आमच्यात दोन शब्द आहेत. ताटात भात उरतो. तापातून माणूस वाचतो. दोन्हींत मागे काहीतरी राहतं, पण ते एक नव्हे.

“मग कानाला कुठला शब्द?”

“कान उरतो, अय्या. वाचली असती तर शेळी वाचली असती.”

त्यांचं हसू गेलं. मी बोलायचं नाही ते बोलले असं मला वाटलं, म्हणून मी माझ्या कामातली गोष्ट सांगितली. विमा काढलेल्या शेळीच्या कानात आम्ही पिवळा बिल्ला मारतो. शेळी मेली तर मालकाला तो बिल्ला कानासकट आणून दाखवावा लागतो. कान नसेल तर कंपनी विचारते, शेळी मेली कशावरून, विकून खाल्ली नसशील कशावरून? म्हणून लोक मेलेल्या जनावराचा कान कापून, मीठ लावून, कागदात गुंडाळून माझ्याकडे आणतात. माझ्या दवाखान्यात कानाचा तुकडा म्हणजे जनावर मेल्याची खूण. त्यात दिलासा कसला, तो मला कधी दिसला नव्हता.

अय्यांचे हात मांडीवर उलटे पडले होते. ते म्हणाले की तसा कायदा त्यांच्या ग्रंथातही आहे, फार जुना. दुसऱ्याची जनावरं राखणाऱ्यानं, जनावर हिंस्र पशूनं फाडलं तर त्याचे अवशेष आणून दाखवायचे, म्हणजे भरपाई माफ. हे ते विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत. फळ्यावर लिहूनसुद्धा देत. पण देवळात उभं राहिलं की त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

“संदेष्टा त्याच कायद्यातल्या गुराख्याचं बोलणं बोलतोय,” ते म्हणाले. “कळप गेला, एवढंच तो सांगतोय. आणि मी त्यावर लोकांना आशीर्वाद देत आलो.”

प्रवचनासाठी दुसरं वचन घ्या असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. मी निघाले तेव्हा ते तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते, गाताना सूर चुकल्यावर माणूस तीच जागा पुन्हा घेतो तशी.

त्याच आठवड्यात एका पहाटे अक्काच्या शेजारणीचा फोन आला. काय झालं ते तिला धड सांगता येत नव्हतं, नुसतं या म्हणत होती. मी पहिल्या बसनं गेले. फाट्यावर दवाखान्यातला सहायक दुचाकी घेऊन उभा होता. गावात शिरलो तेव्हा उन्हं नुकतीच आली होती. एरवी या वेळी अंगणं झाडून रांगोळ्या घालणं चाललेलं असतं. त्या दिवशी सगळ्या बायका अक्काच्या कुंपणाशी उभ्या होत्या.

शेळ्यांचा गोठा म्हणजे ताडाच्या झावळ्यांचा आडोसा. एका बाजूनं तो खालून उकरलेला होता. आत ज्या पडल्या होत्या त्यांतल्या काही मेल्या होत्या आणि काहींचा जीव जायचा होता. ज्यांचा जायचा होता त्यांच्याकडे मी आधी गेले. ते काम उरकलं तेव्हा मला अक्का दिसली. ती उंबऱ्यावर बसली होती, उजवा हात साडीच्या पदरात गुंडाळलेला, आणि पदर ओला. तिच्यापुढे अंगणात एक कुत्रा मरून पडला होता. शेजारी मुसळ.

काय झालं ते तिनं सावकाश सांगितलं. आवाजानं ती उठली, मुसळ घेऊन धावली. बाकीची पळाली, हा पळाला नाही. यानं तिची जुनी शेळी, जिला ती थोरली म्हणायची, डोक्याला धरली होती. मारून सोडेना, तेव्हा तिनं मुसळ टाकून त्याच्या जबड्यात हात घातला आणि जबडा उचकटला.

मी कुत्र्याजवळ बसले. मेल्यावरही तोंडातून फेसाची तार निघाली होती. दातांत लाकडाच्या कपच्या अडकल्या होत्या. मी विचारलं की हा कुणाचा, आधी कसा वागत होता. अक्का म्हणाली की कुणाचा नाही. देवळाच्या भिंतीशी जन्मला, पिल्लू होता तेव्हापासून तिच्याच हातचा भात खायचा. गेले दोन दिवस भाताकडे बघत नव्हता, खांब चावत बसायचा. ऊन लागलं असेल असं तिला वाटलं होतं.

मी तिला उठवून पंपाखाली नेलं, पदर सोडवला आणि साबण लावून हात धुवायला लागले. अंगठ्याच्या खाली आणि तळव्यात चावे खोल गेले होते. ती हात मागे ओढत होती. हाताचं नंतर बघा, शेळ्यांचं बघा, असं तिचं चाललं होतं. मी हापसायला सहायकाला सांगितलं आणि पाणी वाहतं ठेवून धूत राहिले, ती चिडली तरी, मग गप्प झाली तरी.

“अक्का, हा पिसाळलेला होता,” मी तिला सांगितलं. “आत्ता तंजावूरला मोठ्या इस्पितळात जायचं. उद्या नाही, आत्ता.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. शेळ्या पाळणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ती उठून गोठ्याकडे गेली, कुंपणाच्या बुडाशी वाकली आणि डाव्या हातानं काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. थोरलीच्या कानाचा तुकडा होता. पिवळा बिल्ला तसाच होता, मी मारलेला. अय्यांशी झालेलं बोलणं तिला ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. विम्याला लागेल म्हणून तिनं दिला, एवढंच. पण त्या तुकड्याला वजनच नव्हतं. मी तो कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

दुचाकीवर मध्ये अक्काला बसवून आम्ही फाट्यावर आलो आणि तिथून रिक्षानं इस्पितळात. जखमेच्या आतबाहेर इंजेक्शनं दिली तेव्हा ती तुळईकडे पाहत होती. मी स्वतः लस घेतलेली, तरी मलाही पुन्हा टोचलं. दुपारी मी अय्यांना जाऊन सांगितलं. कुत्रा चावला, औषध वेळेवर मिळालं, आता घाबरायचं कारण नाही, असं. त्यांनी एकच विचारलं, कुठला हात. मी म्हटलं उजवा. ते खुर्चीत बसले आणि आपलाच उजवा हात डाव्यानं चाचपत राहिले.

कुत्र्याचा मेंदू मी चेन्नईला तपासायला पाठवला होता. काही दिवसांनी उत्तर आलं, मला जे ठाऊक होतं तेच.

त्या रविवारी अय्यांनी प्रवचन रद्द केलं नाही. मी त्यांना बसनं घेऊन गेले. देऊळ लहान, पत्र्याचं. पंखे होते पण वीज नव्हती. अक्का पुढच्या चटईवर, हाताला पांढरं बांधलेलं. मी मागे दाराशी बसले. अय्यांनी वचन पाठ म्हटलं, तमिळमधून, आणि मग शिकवायचे तसं सांगायला लागले. हा कान जिवंत जनावराचा नाही, असं ते म्हणाले. मेंढपाळानं धन्याला दाखवायला आणलेली ती खूण आहे. संदेष्टा आपल्या लोकांना सांगतो आहे की तुमचं इतकंच उरेल, पाहणाऱ्याला कळण्यापुरतं, की इथं एक कळप होता. आणि त्यांचा सिंह कुठून परका आला नव्हता. गरिबाला चिरडून जे आरामात जगले, त्यांच्याच जगण्यातून तो आला. आपणही बिबट्या आला म्हणालो. आपल्या पुलाखाली काय वाढत होतं ते आपण रोज पाहत होतो.

पंचायतीचे एक-दोन सदस्य होते, ते जमिनीकडे पाहत होते. लोक धीर मिळवायला आले होते आणि अय्या तो देत नव्हते. मला वाटलं ते आता थांबतील. ते थांबले नाहीत. मग जिथं बहीण बसली असेल असं त्यांना वाटलं त्या बाजूला, थोडं चुकीच्याच बाजूला, तोंड करून म्हणाले, “पण कान आपोआप बाहेर येत नाही. कुणीतरी त्या तोंडात हात घातला होता. हे मला इतकी वर्षं दिसलं नाही. न्याय झाला तेव्हा राखणारा पळून गेला नव्हता. कानाचा तुकडा त्याचीही साक्ष आहे.”

एवढं बोलून ते खाली बसले. कुणीतरी गाणं सुरू केलं. बाहेर आल्यावर एक वयस्क सदस्य माझ्याजवळ कुरकुरले की म्हाताऱ्याला बोलवायलाच नको होतं.

अक्कानं भावाला जेवायला नेलं. डाव्या हातानं तिनं वाढलं. मोर-कोळंबू, म्हणजे ताकाची कढी होती, अय्यांच्या आवडीची. तिला प्रवचन आवडलं असेल असं मी गृहीत धरलं होतं. ती ताटाकडे पाहत म्हणाली, “अण्णा, मी हात शेळीसाठी घातला. साक्षीसाठी नाही. मला शेळी पाहिजे होती.”

अय्यांनी घास तसाच धरून ठेवला. मग त्यांनी मान हलवली. त्यांचं चुकलं असं ती म्हणत नव्हती आणि तेही म्हणाले नाहीत. मला मात्र तेव्हापासून ते वचन आठवलं की तो मेंढपाळ निराळा दिसतो. तो काही कान आणायला गेलेला नसतो. तो आख्खं जनावर आणायला गेलेला असतो, आणि परत येताना त्याच्या हातात कानाचा तुकडा असतो.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. चावा लागलेल्या ज्या शेळ्या जगल्या होत्या त्यांना मी वेगळं बांधायला लावलं आणि लसी देत होते. त्या दिसायला चांगल्या होत्या. जखमा सुकल्या, चारा खात होत्या. गावातली माणसं येऊन त्यांच्याकडे बघून म्हणायची, एवढ्या तरी राहिल्या. मी रोज त्यांचं तोंड आणि आवाज तपासत असे. मग एके सकाळी त्यांतली एक घोगऱ्या आवाजात ओरडायला लागली आणि खुंट्याला डोकं आपटायला लागली. लस सगळ्यांनाच वेळेत लागू पडते असं नाही. मी तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. अक्का कुंपणाबाहेर उभी होती, मी तिला आत येऊ दिलं नव्हतं. आठवड्याभरात दुसरी गेली. संध्याकाळी अय्यांना सांगितलं तर ते म्हणाले की दुसऱ्या एका संदेष्ट्यानं हेही सांगून ठेवलंय, की दहावा हिस्सा उरला तरी तोही पुन्हा जाळला जाईल. ते वाचा असं मला सांगायला मी त्यांना सवडच दिली नाही. वर्तमानपत्र उघडलं.

अंगाला ओरखडाही न लागलेलं असं एकच होतं. रात्री डालग्याखाली झाकून ठेवलेलं एक करडू, थोरलीचंच. त्या पहाटे ते डालग्याखाली आवाज न करता बसून होतं.

अय्यांनी एक नियम सुरू केला. रोज सकाळी बहिणीला फोन करायचा आणि म्हणायचं, पाणी पी. पिसाळलेल्या कुत्र्याचं विष माणसाला भिनलं की पाणी गिळवत नाही, नुसतं पाहिलं तरी घसा आवळतो, हे कुठल्याशा जुन्या आठवणीतून त्यांच्या मनात बसलं होतं. सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली आहेत, आता धोका जवळजवळ नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. ते ‘जवळजवळ’ एवढंच ऐकत. फोन स्पीकरवर असे आणि आमच्या दारापर्यंत आवाज येई. आधी तिची चिडचिड, मग भांड्याचा आवाज, मग घोट. घोट ऐकू आला की अय्या फोन ठेवत. पुढं पुढं मीही दाराशी उभी राहून तो घोट ऐकल्याशिवाय बसला निघेनाशी झाले. माझी विद्या मला सांगत होती की ती बरी आहे, आणि कान मात्र तिकडेच लागलेले असत.

आडी महिना, म्हणजे आपला आषाढ, लागला. वर धरण उघडलं आणि पाणी कालव्यांतून आमच्या भागापर्यंत पोचलं. अशाच एका सकाळी फोन वाजत राहिला, अक्कानं उचलला नाही. अय्यांनी पुन्हा लावला, मग पुन्हा. मी वेणी घालत होते. ते सदऱ्याची बटणं न लावता, भिंत चाचपत रस्ता ओलांडून आमच्या दाराशी आले. मी चपला घातल्या.

बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. पापनाशमच्या अलीकडे त्यांनी विचारलं की माणसाला किती महिन्यांनी होऊ शकतं. खोटं सांगायचं माझ्या मनात होतं. मी म्हटलं की कधीकधी उशिरा होतं. ते बरं म्हणाले.

घराला कडी होती. फोन खाटेवर पडून होता. शेजारीण कुठं दिसेना. मी अय्यांचा हात धरून मागच्या वाटेनं कालव्याकडे निघाले, कारण दुसरीकडे कुठं जायचं ते सुचेना. वाटेवर चिखल झाला होता आणि त्यात शेळीच्या खुरांचे ठसे होते.

अक्का कालव्यात कमरेइतक्या पाण्यात उभी होती. करडाची आता चांगली शेळी झाली होती. तिला बगलेत दाबून ती चोळून धूत होती आणि शेळी केकाटत होती. अक्काचे केस भिजले होते, तोंडावरून पाणी ओघळत होतं. उजव्या हाताचा अंगठा नीट वळत नाही, म्हणून ती कोपरानं शेळीला धरून ठेवत होती. आम्हाला पाहून तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

अय्यांना शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं, पण काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं होतं ते आणखी घट्ट धरलं.

“कुठं आहे ती?”

“पाण्यात,” मी म्हटलं. “पाण्यात उभी आहे, अय्या.”

ते तिथंच बांधावर खाली बसले, चिखलात, नेसूच्या धुतलेल्या वेष्टीसकट. अक्का पाण्यातूनच ओरडली की आंधळ्याला कशाला आणलंत, घसरून पडेल. ती हातानं पाणी उडवत होती, तो आवाज ते ऐकत होते, तोंड थोडं उघडं ठेवून.

मी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. पुलाखालच्या जागेत पाणी शिरल्यानं तिथली कुत्री वर येऊन वडाखाली पडली होती. बरीच होती. त्यांतलं एक उठून उभं राहिलं, पाण्यातल्या बाईकडे आणि शेळीकडे थोडा वेळ पाहत राहिलं, आणि पुन्हा खाली बसलं. अक्कानंही त्याला पाहिलं होतं. तिनं शेळी खांद्यावर घेतली आणि आमच्या बाजूच्या काठाकडे चालायला लागली.